होल्लोको: हंगेरीतल्या पॉलोत्स गावाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बुडापेस्टच्या सहलीत एक दिवस काढून होल्लोकोला जावं का, कसं जावं आणि तिथे नक्की काय पाहावं, हे प्रश्न सतत येतात. (पॉलोत्स हा हंगेरियन लोकांतलाच वेगळ्या बोलीचा एक गट, प्रश्न ८.) आधी गावाची आणि इतिहासाची माहिती आहे, मग प्रवासाची, शेवटी अडचणींची. फक्त जाण्यायेण्याचं बघायचं असेल तर थेट प्रश्न ९ वर जा.

१. होल्लोको कुठे आहे आणि केवढं आहे?

हंगेरीच्या उत्तरेला, नोग्राद जिल्ह्यात, चेरहात नावाच्या बुटक्या डोंगररांगेत. बुडापेस्टहून ईशान्येला साधारण ९० ते १०० किलोमीटर. लोकवस्ती जेमतेम तीनेकशे. गावाचे दोन भाग आहेत: जुनं गाव, म्हणजे ओफॉलु, आणि रस्त्यालगतचं नवं गाव. फोटोंत दिसतं ते जुनं गाव. बसमधून उतरल्यावर आधी नवी, साधी घरं दिसतात. तेवढ्यावरून चुकीच्या जागी आलो असं समजू नका, दगडी फरसबंदीच्या रस्त्याने पुढे चाला.

२. नावं वाचता येत नाहीत. पाटी कशी ओळखायची?

दोन नियम पुरतात. रोमन लिपीत एकटं 'एस' असेल तर उच्चार 'श', आणि 'एस-झेड' जोडून असेल तर 'स'. म्हणून मुख्य रस्त्याचं नाव कोशुत आणि शेजारच्या शहराचं सेचेन्य. 'सी-एस' म्हणजे 'च'. माणसांच्या नावात आडनाव आधी येतं.

३. युनेस्कोच्या यादीत हे गाव का आहे? 'जगातलं पहिलं जागतिक वारसा गाव' हे खरं का?

१९८७ साली बुडापेस्टचा डॅन्यूब काठ आणि होल्लोको ही दोन ठिकाणं एकाच वर्षी यादीत आली. हंगेरीची ही पहिलीच दोन. 'जगातलं पहिलं गाव' हे जाहिरातीतलं वाक्य आहे. त्याआधीही लहान वस्त्या यादीत आल्या होत्या, त्यामुळे 'गाव' कशाला म्हणायचं यावर ते वाक्य टिकतं किंवा पडतं. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

कारण मात्र नीट समजून घ्यायला हवं, कारण बहुतेक पर्यटक इथेच चुकतात. यादीत फक्त सुंदर घरं नाहीत. सुमारे १४५ हेक्टरचा परिसर आहे आणि त्यात घरं, गोठे, लांबट पट्ट्यांची शेतं, फळबागा, द्राक्षमळे, कुरणं आणि रान सगळं येतं. विसाव्या शतकात शेती बदलण्यापूर्वी गाव आणि त्याची जमीन एकमेकांना कशी धरून होती, ते इथे अजून जमिनीवर वाचता येतं. मुख्य रस्त्यावर फोटो काढून परतणाऱ्याने यातला निम्माच भाग पाहिलेला असतो.

४. घरं किती जुनी आहेत? मध्ययुगीन ना?

नाही. १९०९ साली मोठी आग लागली आणि गावाचा बराच भाग जळाला. आज दिसणारी बहुतेक घरं त्यानंतर उभी राहिली.

आगी आधीही लागत. १७८३ मध्ये घरबांधणीत लाकूड वापरायला बंदी घालणारा हुकूम निघाला होता, लाकूड पेट घेतं म्हणूनच. होल्लोकोच्या लोकांनी तो मानला नाही आणि गाव पुन्हा पुन्हा जळत राहिलं. १९०९ नंतरही लोकांनी जुन्याच पद्धतीने, जुन्याच जागी बांधलं: दगडी जोतं, मातीच्या भिंती, वर चुन्याची सफेदी, पुढे लाकडी खांबांची पडवी. ठळक बदल छपरात झाला, गवताच्या जागी कौलं आली.

म्हणजे घराचं वय शंभर-सव्वाशे वर्षं, पण रस्ता आणि जमिनीची वाटणी सतराव्या-अठराव्या शतकातली. 'मग हे नकली म्हणायचं का?' असंही विचारलं जातं. नाही. इथे पर्यटकांसाठी देखावा उभा केलेला नव्हता. ज्यांची घरं जळली त्यांनीच राहायला बांधली, आणि त्यांना दुसरी पद्धत येत नव्हती किंवा नको होती.

५. घराची रचना कशी असते? आत गेल्यावर काय बघायचं?

घराची अरुंद, त्रिकोणी माथ्याची बाजू रस्त्याकडे असते आणि लांब बाजू अंगणाकडे. आत तीन खोल्या एका ओळीत. रस्त्याकडची राहायची खोली म्हणजे सोबॉ. मधली पितवॉर, जिच्यातून आत शिरतात आणि जिथे चूल असते. मागची कॉमरॉ, धान्य आणि सामानाची कोठी. पडवीला तोर्नात्स म्हणतात. तिच्या कठड्याच्या फळ्यांवर कोरीव नक्षी असते, आणि ती घरोघरी वेगळी आहे का हे पाहत चालायला मजा येते.

गाव उतारावर असल्याने पुढच्या खोलीखाली जागा उरते. तिथे तळघर काढलेलं असतं आणि त्याचं दार थेट रस्त्यावर उघडतं. फोटोंत घरं दुमजली वाटतात ती यामुळे.

मुद्द्याची गोष्ट घराच्या मागे आहे. प्रत्येक कुटुंबाची जमीन अरुंद आणि लांब पट्टी होती. पहिल्या पिढीने रस्त्याला लागून घर बांधलं. मुलाचं लग्न झालं की त्याचं घर त्याच पट्टीत मागे, नातवाचं आणखी मागे. रस्ता तोच राहिला आणि गाव मागच्या बाजूला वाढलं. धान्याची खळी-कोठारं मात्र पॉलोत्स रिवाजाप्रमाणे वस्तीपासून दूर, शेतांच्या कडेला. वाळलेलं गवत आणि चूल एकमेकांपासून लांब ठेवण्यात शहाणपण होतंच, तरी १९०९ टळलं नाही.

ही मांडणी कळायची असेल तर किल्ल्यावरून खाली पाहा. छपरांच्या रांगा आणि त्यांच्यामागच्या पट्ट्या वरून जशा दिसतात तशा रस्त्यावरून दिसत नाहीत.

६. किल्ला कोणी बांधला? तो तुर्कांचा आहे का?

तुर्कांचा नाही, पण त्यांच्या ताब्यात अनेक वर्षं होता. १२४१-४२ च्या मंगोल स्वारीत हंगेरी उद्ध्वस्त झाली, आणि ज्या मोजक्या जागी दगडी तटबंदी होती त्याच टिकल्या. त्यानंतर देशभर डोंगरी किल्ले उठले, त्यातलाच हा. कॉचिच कुळाने तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो ३६५ मीटर उंचीच्या सारहेज्य टेकडीवर बांधला. कागदोपत्री पहिला उल्लेख १३१० चा.

कॉचिच मंडळी राजाविरुद्ध माते चाक या बलाढ्य सरदाराच्या बाजूला गेली. राजा पहिला कारोय याने किल्ला काढून घेतला आणि त्याच कुळाच्या राजनिष्ठ शाखेतल्या तॉमाश सेचेन्यीला दिला. १५५२ मध्ये ओटोमन, म्हणजे तुर्की, सैन्याने तो जिंकला, पुढे तो हातोहात फिरला. १६८३ मध्ये, व्हिएन्नाच्या लढाईच्या वर्षी, पोलंडचा राजा सोबिएस्की याच्या फौजेने तुर्कांना इथून कायमचं हुसकावलं. ऑस्ट्रियाच्या सत्तेविरुद्धचा हंगेरियन सरदार राकोत्सीचा उठाव मोडल्यावर १७११ मध्ये ऑस्ट्रियाकडून किल्ला पाडायचा हुकूम आला. काम अर्धवट झालं, म्हणून भिंती उरल्या. दीर्घ डागडुजीनंतर १९९६ पासून तो पाहायला खुला आहे.

आधीचं गाव किल्ल्याच्या आसऱ्याने होतं. तुर्की काळाअखेर ते ओस पडलं आणि आजचं गाव खाली वसलं. किल्ल्याचं वय गावाला लावायचं नाही ते यासाठी.

७. डोमकावळ्यांची गोष्ट काय आहे?

'होल्लो' म्हणजे डोमकावळा, 'को' म्हणजे दगड. लोककथेत कॉचिच घराण्यातला एक सरदार एका सुंदर स्त्रीला पळवून आणून किल्ल्यात डांबतो. तिची दाई चेटकीण असते. ती सैतानाशी सौदा करते, आणि सैतानाची पोरं डोमकावळे होऊन एकेक दगड चोचीत उचलून त्या बाईला सोडवतात. त्याच दगडांचा शेजारच्या कड्यावर हा किल्ला उभा राहतो. गावात विकायला ठेवलेल्या प्रत्येक दुसऱ्या वस्तूवर हा पक्षी का असतो, ते यावरून कळेल.

८. पॉलोत्स लोक म्हणजे कोण? हंगेरियन नाहीत का?

हंगेरियनच. उत्तर हंगेरीत आणि सीमेपलीकडे दक्षिण स्लोव्हाकियात राहणारा, वेगळी बोली, पेहराव आणि चालीरीती असलेला हा गट आहे. ते मूळचे कोण यावर अभ्यासकांचं एकमत नाही. बोलीचा फरक स्वरांत ऐकू येतो: प्रमाण हंगेरियनमध्ये जिथे 'ऑ'कडे झुकणारा स्वर असतो तिथे पॉलोत्स माणूस मोकळा 'अ' काढतो. स्त्रियांच्या सणाच्या वेशात एकावर एक घातलेले घोळदार परकर आणि मण्यांनी सजवलेलं शिरोभूषण असतं. रोज असा वेश कोणी करत नाही. तो सणांना दिसतो (प्रश्न १२).

९. बुडापेस्टहून बसने कसं जायचं?

मेट्रोच्या लाल मार्गाने, म्हणजे एम २ ने, पुश्काश फेरेन्त्स श्तॉदियोन स्थानकावर उतरा. तिथल्या बस स्थानकातून होल्लोकोची थेट बस सुटते. प्रवास साधारण दोन तासांचा. विमानतळावरून येत असाल तर १००-ई बसने देआक फेरेन्त्स तेर चौकापर्यंत (या बसला वेगळं तिकीट लागतं, शहराचं साधं तिकीट चालत नाही) आणि तिथून एम २.

थेट बस दिवसातून मोजक्याच आहेत. ती हुकली तर सेचेन्यची बस पकडा आणि तिथून स्थानिक बसने पुढे या. ते अंतर सोळा-सतरा किलोमीटर आहे. टॅक्सी मिळेल या भरवशावर राहू नका.

खरी फसगत परतीला होते. निघण्याआधी परतीची शेवटची बस पाहा आणि तिच्या आधीची बस आपली मानून चाला. वेळापत्रकातले शब्द असे: 'मुंकॉनॉप' म्हणजे कामाचा दिवस, 'सॉबॉदनॉप' म्हणजे शनिवारसारखा मोकळा दिवस, 'मुंकॉस्युनेती नॉप' म्हणजे रविवार आणि सरकारी सुट्टी. 'इश्कोलॉई' लिहिलं असेल तर ती बस फक्त शाळेच्या दिवशी धावते, उन्हाळ्याच्या सुट्टीत नाही.

आणखी एक खोच. हंगेरीत सणाला जोडून सोमवार किंवा शुक्रवारी सुट्टी देतात आणि त्या बदल्यात एखादा शनिवार कामाचा करतात. त्या शनिवारी बस कामाच्या दिवसाच्या वेळापत्रकाने धावते. म्हणून वाराऐवजी नेहमी नेमकी तारीख टाकून शोधा.

१०. गाडी भाड्याने घेतली तर?

एम ३ महामार्गाने हॉतवॉन, तिथून २१ क्रमांकाच्या रस्त्याने पास्तो, आणि पुढे डोंगरातल्या लहान रस्त्याने होल्लोको. दीड तास धरा.

महामार्गासाठी ई-विन्येट, म्हणजे गाडीच्या नंबरवर नोंदवलेला रस्ता-परवाना, लागतं. टोलनाका नसतो, कॅमेरा नंबरप्लेट वाचतो. भाड्याच्या गाडीला ते आधीच घेतलंय का हे कंपनीला विचारा. स्वतः घेत असाल तर नंबर आणि गाडीच्या नोंदणीचा देश दोन्ही बरोबर भरा. देश चुकला तर पैसे भरूनही दंड येतो. भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना ठेवा. गावाबाहेर दिवसाही दिवे लावून चालवायचं असतं. दारूची मर्यादा शून्य आहे, म्हणजे चालवणाऱ्याने स्थानिक वाइनचा घोटही घ्यायचा नाही.

जुन्या गावात गाडी नेऊ नका. बाहेरच्या वाहनतळावर लावा आणि चालत या.

११. गावात काय पाहायचं, कोणत्या क्रमाने आणि किती वेळ लागतो?

चार ते पाच तास पुरेसे, जेवण धरून. आधी किल्ला करा. गावातून पंधरा-वीस मिनिटांची चढण आहे, आणि उन्हाळ्यात दुपारी ती नकोशी होते. वाटेवर पांढऱ्या पट्टीत निळी रेघ दिसेल. ती देशभर जाणाऱ्या निळ्या पदभ्रमण मार्गाची खूण आहे, हा मार्ग होल्लोकोतून जातो.

वरून मांडणी डोळ्यांखाली घातली (प्रश्न ५) की खाली या आणि कोशुत रस्त्याने चाला. ८२ क्रमांकाच्या घरात ग्रामसंग्रहालय आहे. एकच ठिकाण पाहायला वेळ असेल तर हे पाहा, कारण तीन खोल्यांचं घर आतून सामानासकट दिसतं. विणकामाच्या घरात हातमाग आहे. पोस्टाचं आणि बाहुल्यांचं संग्रहालय मुलं असतील तर करावं, नसतील तर सोडलं तरी चालेल. परतताना पेतोफी रस्त्याने या. तो शांत असतो आणि अंगणं तिथे जास्त उघडी दिसतात.

दोन्ही रस्ते फुटतात त्या बेचक्यात संत मार्टिनचं छोटं चर्च आहे, १८८९ चं, कॅथलिक. लाकडी चिपांनी मढवलेला मनोरा आणि पांढऱ्या भिंती. चर्चसाठी वेगळी शैली वापरलेली नाही, गावातल्या घराचीच बांधणी इथे देवळाला लावली आहे. आत प्रार्थना चालू असेल तर बाहेर थांबा.

१२. ईस्टरला जावं का?

पेहराव, गाणी, नाच एकत्र पाहायचे असतील तर हाच काळ. ईस्टर सोमवारी 'लोचोलकोदाश' होतं: तरुण मुलं मुलींवर विहिरीचं पाणी बादल्यांनी ओततात आणि मुली त्यांना रंगवलेली अंडी देतात. धुळवडीत वाढलेल्या माणसाला यात फार नवल वाटणार नाही, फक्त इथे पाणी गार आणि हवा त्याहून गार असते. कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी आणि एक जोड कोरडे कपडे न्या.

२०२७ मध्ये ईस्टर रविवार २८ मार्चला आहे. अडचणी तीन. त्या दिवसांत जुन्या गावात शिरायला तिकीट लागतं, गर्दीमुळे घरांची मांडणी दिसत नाही, आणि शुभ शुक्रवार व सोमवार सरकारी सुट्ट्या असल्याने बस सुट्टीच्या वेळापत्रकाने धावते (प्रश्न ९). वास्तू बघायची असेल तर मे-जून किंवा सप्टेंबरातला मधला वार निवडा. सण आणि वास्तू एकाच फेरीत होत नाहीत.

१३. हिवाळ्यात गेलं तर चालेल का?

गाव बघायला चालेल, आत शिरायला नाही. थंडीत संग्रहालयं आणि खानावळी कमी वेळ उघड्या असतात किंवा बंद असतात. दिवसही लहान. डिसेंबरात चारच्या सुमारास अंधार पडतो आणि किल्ल्याची वाट निसरडी होते. मुक्कामी असाल तर गोष्ट वेगळी (प्रश्न १७).

१४. पैसे कोणते न्यावे? तिकीट कुठे काढायचं?

हंगेरीत चलन फोरिंट आहे, युरो नाही. देश शेंगेन क्षेत्रात असल्याने भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं, तरी हस्तकलेच्या लहान दुकानांसाठी आणि बससाठी सुटे फोरिंट ठेवा. किल्ल्याचं आणि संग्रहालयांचं तिकीट लागतं. दर आणि वेळा हंगामानुसार बदलतात, म्हणून जाण्याच्या आठवड्यात गावाच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहा.

१५. शाकाहारी माणसाची सोय होते का?

होते, पण विचारून खावं लागतं. प्रसिद्ध पॉलोत्स सूप मेंढीच्या मांसाचं असतं, सोबत फरसबी, बटाटा आणि आंबट साय. (तेही मूळ खेड्यातलं नव्हे. बुडापेस्टचा खानावळवाला यानोश गुंदेल याने लेखक काल्मान मिक्सात याच्या सन्मानार्थ ते तयार केलं असं सांगतात.) घेवड्याच्या सूपातही धुरावलेलं मांस असतं.

'स्त्रॉपॉच्कॉ' हे बटाट्याच्या पिठाचे उकडलेले गोळे चीजसोबत मिळतात, पण वरून डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे घालतात. मागतानाच 'सॉलोन्नॉ नेल्क्युल' म्हणजे 'चरबीच्या तुकड्यांशिवाय' असं सांगा. 'हुश नेल्क्युल' म्हणजे 'मांसाशिवाय', पण एवढ्यावर थांबू नका. चरबीला वेगळा शब्द आहे, 'झीर', आणि स्वयंपाक्याच्या लेखी ते मांस नसतं. कॉलाच हा गोडसर पाव आणि 'हेरोत्से' हे तळलेले गोड काप यांत मांस नसतं, मात्र अंडं असतं आणि हेरोत्से कशात तळलेत ते विचारायचं. कांदा-लसूण टाळणाऱ्यांनी डबा आणणंच बरं.

१६. आईवडिलांना किंवा बाबागाडी घेऊन जाता येईल का?

जुन्या गावाचा रस्ता दगडी फरसबंदीचा आणि उताराचा आहे. सावकाश चालणाऱ्याला जमतो, छोट्या चाकांची बाबागाडी हैराण करते. मुलाला पाठीवर घेणं सोपं. पावसात दगड निसरडे होतात, तळव्याला पकड असलेले बूट घाला. किल्ल्यात पायऱ्या आहेत, चाकाच्या खुर्चीने तिथे जाता येत नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी कोशुत रस्ता, चर्च आणि ग्रामसंग्रहालय एवढंच करावं.

१७. जुन्या घरात मुक्काम करता येतो का?

येतो. काही जुनी घरं पाहुण्यांना भाड्याने देतात. आत न्हाणीघर आणि गरम पाणी असतं, पण दारं बुटकी आहेत, डोकं सांभाळा. दिवसाच्या बसगाड्या गेल्यावर गाव रिकामं होतं, मुक्कामाचा खरा फायदा तो. खाण्याचं मात्र आधी बघा. संध्याकाळी खानावळ उघडी असेलच असं नाही.

१८. घरांचे, अंगणाचे फोटो काढले तर चालतं का? ड्रोन उडवता येतो का?

जुन्या गावात आता मोजकीच कुटुंबं राहतात, पण राहतात. फाटकाबाहेरून फोटो काढायला हरकत नाही. उघडं फाटक म्हणजे आमंत्रण नव्हे, पाटी असेल तरच आत जा. ड्रोनला हंगेरीत वस्तीवर उडवण्यासाठी हवाई हद्दीची आगाऊ परवानगी लागते, आयत्या वेळी ती मिळत नाही. वरून फोटो हवा असेल तर किल्ल्याचा तट आहेच.

१९. जवळपास आणखी काय जोडता येईल?

बसने येणाऱ्याला सेचेन्य सोपं पडतं. तिथल्या फोरगाच वाड्यात संग्रहालय आहे, आणि १७०५ मध्ये याच शहराजवळच्या सभेत राकोत्सीची राज्यकर्ता म्हणून निवड झाली होती. मात्रावेरेबेयजवळचं सेंतकुत हे हंगेरीचं राष्ट्रीय तीर्थक्षेत्र.

गाडी असेल तर परतताना २१ क्रमांकाच्या रस्त्यावर पास्तोहून थोडं उत्तरेला तॉर गावात वळा. तिथे शांदोर चोमा कोरोशी याच्या स्मरणार्थ उद्यान आणि बौद्ध स्तूप आहे. हंगेरियन लोकांचं मूळ शोधायला हा आशियात निघाला आणि लडाखकडच्या मठांत तिबेटी शिकत राहिला. १८३४ मध्ये त्याचा तिबेटी-इंग्रजी शब्दकोश कोलकात्यात छापला गेला आणि १८४२ मध्ये दार्जिलिंगला तो वारला. त्याची कबर तिथेच आहे. स्तूपाला अर्धा तास पुरतो. मात्र तॉर आणि होल्लोको एकाच दिवशी बसने करायला जाऊ नका, जोडणी जमत नाही.